शेवटचे आठ अंश

चौकातला हिरवा दिवा लागला आणि तिने रस्त्यात पाय टाकला तेव्हा म्हातारी तिच्या मागे होती. रस्त्याच्या मध्यावर म्हातारी शेजारी आली, आणि पलीकडचा फुटपाथ सहा-सात पावलांवर राहिला असताना तिला ओलांडून पुढे निघून गेली. सत्तरी केव्हाच मागे टाकलेली, कंबरेत वाकलेली, पाय फाकवून टाकणारी बाई. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात घडीची छत्री. जाता जाता तिने मान वळवून हिच्या डाव्या पायावरच्या ब्रेसकडे पाहिलं आणि म्हणाली, "सावकाश ये गं बाळा. कुणी मागे लागलंय का?" आणि आईने, तिच्या कोपराखाली हात धरून पण तो न टेकवता चालणाऱ्या आईने, हसून उत्तर दिलं, "हो ना आजी, मीही तेच सांगतेय तिला." दिवा लाल झाला. एक मोटार थांबली होती ती थांबूनच राहिली. चालवणाऱ्याने काचेआडून हात हलवला, या, या, आरामात या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने हॉर्न वाजवला असता तर चाललं असतं. काच खाली करून चार शब्द सुनावले असते तर तिने आठ सुनावले असते आणि बरं वाटलं असतं. पण गेल्या आठ आठवड्यांत तिला कुणी हॉर्न वाजवला नव्हता. सगळं शहर जणू पायमोजे घालून तिच्याभोवती फिरत होतं.

म्हातारी पुढे फळवाल्याशी घासाघीस करत उभी राहिली होती. तिच्या बाजूने जाताना हिने मुद्दाम मान ताठ ठेवली. सतराव्या वर्षी, बास्केटबॉलच्या कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू आपटत पाच सेकंदांत जाणाऱ्या मुलीला एका भाजीच्या पिशवीने मागे टाकलं होतं, आणि ती पिशवीवाली आत्ता केळी दाबून बघत होती. संघात तिला ‘स्प्रिंग’ म्हणायचे. कोचनेच ठेवलं होतं ते नाव, पहिल्याच महिन्यात, जागेवरून उडी मारून तिने भिंतीवर खडूची खूण केली तेव्हा. खूण मोजायला कोचला खुर्ची आणावी लागली होती. अजूनही सगळे तेच म्हणत होते, निरोपांतून, फोनवरून, ‘काय म्हणतेय आमची स्प्रिंग’, आणि दर वेळी तिला ते दुसऱ्याच कुणाला मारलेल्या हाकेसारखं वाटायचं. ‘तू वाघीण आहेस.’ ‘तू लढणार.’ कोचचा निरोप तर ठरलेला, दर रविवारी: लवकर परत ये, घाई करू नकोस. एकाच वाक्यात. तिने एकदा उत्तर लिहिलं होतं, ‘दोन्हीतलं एक काहीतरी सांगा’, आणि पाठवण्याआधी पुसून टाकलं होतं, कारण कोचला वाईट वाटलं असतं, आणि हल्ली कुणालाही वाईट वाटलं की ते आणखीच गोड बोलायला लागायचे.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा: धक्का कुणी दिला? आणि उत्तर ऐकलं की त्यांचे चेहरे पडायचे, जणू तिने त्यांना फसवलं होतं. कुणी नाही. कुणीसुद्धा नाही. सरावाचा सामना, मंगळवारची संध्याकाळ, फरशी कोरडी, बूट चार महिने वापरून पायाला बसलेले. समोरची मुलगी दोन हात लांब होती. ती उडाली, चेंडू फळीला टेकवला, तो जाळीतून खाली गेला (ते दोन गुण धरले गेले, हे ती कुणाला विसरू देणार नव्हती) आणि मग ती खाली आली. डावा पाय टेकला. शरीर उजवीकडे वळलं, गुडघा वळला नाही. जाड कापड फाटताना यावा तसा आवाज, पण तो कानांनी नाही, हाडांनी ऐकला. खाली पडल्यावर तिने छताकडे पाहिलं तर एक ट्यूबलाइट फडफडत होती, आणि तिला आठवतं, तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती दुखण्याची नव्हतीच. ही ट्यूब कुणीतरी बदलायला हवी, हे आलं. मग बटण धावत आली. बटण म्हणजे तिची जोडीदार, बुटकी, गोल चेहऱ्याची, चेंडू पास करायला तिच्यासारखं कुणी नाही. बटण रडत होती. हिचा गुडघा मोडला होता आणि रडत होती बटण, आणि हिलाच तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणावं लागलं होतं, काही नाही गं, मुरगळलाय. कुणी धक्का दिला असता तर त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. रात्रंदिवस पुरेल इतका राग होता तिच्याजवळ आणि तो कुणाच्या पदरात घालावा हेच कळत नव्हतं. मग तो जिन्याच्या कठड्यावर निघायचा, न उघडणाऱ्या बरणीवर, बाबांच्या शिट्टीवर.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ऑपरेशननंतर सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं होतं, फाटलेलं लिगामेंट काढून टाकलं, मांडीच्या मागून तिच्याच दोन दोऱ्या घेतल्या, दुमडून चौपदरी केल्या, हाडांना भोकं पाडून आत ओवल्या, आणि आता या दोऱ्यांना नवं काम शिकायला वेळ द्यायचा. आईने चित्राकडे पाहिलंच नव्हतं. बाबांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवून ते नीट पाहिलं, आणि घरी आल्यावर जेवताना म्हणाले, "सोपं आहे. लिफ्टला नवा दोर टाकला ना, की आधी रिकामीच वर-खाली करतो आम्ही. मग अर्धा भार. माणसं सगळ्यात शेवटी."

"मी लिफ्ट नाहीये, बाबा."

"लिफ्ट बरी. उलटून बोलत तरी नाही."

त्या दिवशी ती हसली होती. दहावा-बारावा दिवस असेल, तेव्हा अजून हसता यायचं. तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की प्रश्न गुडघा वाकण्याचा आहे. वाकणं मात्र आलं, भराभर आलं; नव्वद, मग एकशे दहा, मग एकशे तीस, फिजिओ दर खेपेला आकडा वहीत मांडायची आणि ही तो आकडा गुणफलकासारखा डोक्यात घेऊन घरी यायची. अडलं ते सरळ होण्याशी. पाय लांब करून बसलं की उजवा गुडघा गादीला टेकायचा आणि डावा टेकायचा नाही, खाली अंगठा जाईल एवढी फट राहायची. आठ अंश. चौथ्या आठवड्यात आठ, सहाव्यात आठ, मागच्या आठवड्यातही आठच. शाळेच्या कोनमापकावर आठ अंश म्हणजे काय तर पेन्सिलीचं टोक जरा जाड झालं तरी ते झाकून जातात. पण त्या आठांपायी ती लंगडत होती, आणि त्या आठांपायी म्हातारी पुढे गेली होती. सर्जनने सरळच सांगितलं होतं: बाराव्या आठवड्यापर्यंत पाय सरळ झाला नाही तर आत पुन्हा दुर्बीण घालावी लागेल, वाढलेला पडदा खरवडून काढावा लागेल. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा सूज, पुन्हा मोजणी पहिल्यापासून. आणि अठरा वर्षांखालच्या निवडीचं शिबिर काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. या वर्षी ते हुकलं की पुढल्या वर्षी तिचं वयच त्यात बसत नव्हतं. बटण जाईल. बटण जाईल आणि जाताना रडेल, आणि हिला पुन्हा तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागेल. आज फिजिओ मोजणार होती आणि मोजलेला आकडा सर्जनला कळवणार होती. मागच्या खेपेला तसं ठरलं होतं. आज सकाळी तिने स्वतःच गादीवर पाय लांब करून बघितला होता. अंगठा जात होता.

दवाखान्याचा जिना अकरा पायऱ्यांचा होता. चांगला पाय आधी, मग वाईट; पहिल्या आठवड्यात शिकवलेलं हे आता नको होतं, तरी आई प्रत्येक पायरीला ओठांतल्या ओठांत म्हणत होती, चांगला, हं, आता दुसरा. आई त्याला वाईट म्हणत नसे. दुसरा म्हणायची. वर बाकावर मानेला पट्टा लावलेला एक माणूस बसला होता, त्याने सरकून जागा केली, मान वळवता येत नव्हती म्हणून सगळं धडच वळवलं आणि म्हणाला, "या. बसा. इथे सगळे अर्धवटच येतात." हे तिला आवडलं. निदान तो गोड बोलला नव्हता. पण आई त्याला सगळं सांगायला लागली, की बास्केटबॉल, की फार छान खेळते, की खूप सोसलंय हो पोरीने, एका शब्दाने कुरकुर नाही. तिने डोळे मिटून घेतले. आईचा आवाज पाळणाघराचा होता. आई सोळा वर्षं पाळणाघरात काम करत होती, दीड ते तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीत; जेवणानंतर वीस मुलांना झोपवण्याचं काम तिचं. वीस गाद्या ओळीने, पडदे ओढलेले, आणि आई एकीकडून दुसरीकडे, कुणाला थोपटत, कुणाच्या मानेखाली उशी सारत, कुणाची मूठ अलगद सोडवून त्यातला ठोकळा काढून घेत. लहानपणी ती स्वतःही तिथेच झोपली होती, आईची असून वीस जणांतली एक. आईला ओरडता येत नसे. ओरडणं तिच्या हातातोंडातून सोळा वर्षांत झिजून गेलं होतं. बाबांवर चिडली की ती त्यांना ‘अहो, असं नाही करायचं’ म्हणायची आणि बाबा गालातल्या गालात हसायचे. एका शब्दाने कुरकुर नाही, आई मानपट्टीवाल्याला पुन्हा सांगत होती, आणि मिटलेल्या डोळ्यांआड तिला ती दुपार दिसत होती, पहिली, जिथून हे सगळं सुरू झालं.

टाके काढले तो दिवस, दुसऱ्या आठवड्यातला. आई खाली पुढची वेळ ठरवायला गेली होती. फिजिओने, जिचं नाव तिने मनातल्या मनात कोनमापक ठेवलं होतं, एक छापील कागद हातात दिला आणि बोट ठेवून ठेवून समजावलं. हे तीस वेळा. हे तीस वेळा. आणि हे महत्त्वाचं: टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघ्याखाली काही नाही, तो अधांतरी, दहा मिनिटं नुसतं पडायचं, दिवसातून सहा वेळा. झोपतानाही गुडघ्याखाली उशी नको, कितीही बरं वाटलं तरी नको, वाकलेला राहिला की वाकलेलाच राहील. आईला सांग. हो, तिने म्हटलं. आई वर आली तेव्हा कागद पिशवीत गेला होता, आणि घरी गेल्यावर पिशवीतून कपाटात, कपाटातून खेळाच्या बुटांच्या खोक्यात. लपवायचा म्हणून नाही. ते खोकं ती उघडत नव्हती म्हणून. तीस वेळांचे व्यायाम तिला पाठ होते आणि ती ते तीनशे वेळा करत होती. पाय उचल, धर, ठेव. घामाने गादी ओली होईपर्यंत, दात खाऊन. तो व्यायाम होता, त्यात मोजता येत होतं, जिंकता येत होतं. पण नुसतं पडायचं? दहा मिनिटं छताकडे बघत, गुडघ्याच्या मागे ती ओढ सहन करत, काहीही न करता? दुसऱ्याच मिनिटाला तिच्या डोक्यात ट्यूबलाइट फडफडायला लागायची आणि ती उठून बसायची. मग दुपारी तीनला दार उघडायचं. आई कामावरून यायची. ती डोळे मिटून पडलेली असायची, कारण उघडे दिसले तर आई विचारेल, कसं वाटतंय, आणि पुन्हा एकदा बरं वाटतंय असं सांगावं लागेल. त्या पहिल्या दुपारी आई दारातच थांबली, बराच वेळ बघत राहिली असावी. मग दोन हात आले, एक पोटरीखाली, एक मांडीखाली. वीस मुलांना न उठवता उचलणारे हात. पाय वर झाला आणि खाली काहीतरी मऊ आलं, आणि गुडघ्यातलं ते चोवीस तास चालणारं दुखणं, ते दातदुखीसारखं बारीक, हट्टी दुखणं, थांबलं. एकदम. इतकं एकदम की तिचे मिटलेले डोळे भरून आले. सांगायला हवं, तिने विचार केला. उद्या सांगू. आईने पांघरूण सारखं केलं आणि ती गेली. उद्या पुन्हा हात आले. परवाही. मग ती तीन वाजायची वाट बघायला लागली.

सहा आठवडे. आणि त्यातले शेवटचे तीन-चार तर दुखणं कमी झालं होतं तरीही. हे ती स्वतःशीसुद्धा नीट बोलली नव्हती. त्याऐवजी ती आईवर चिडायची: दूध कोमट का, पडदा का ओढला, कोपराखाली हात कशाला. आईच्या हळूपणावर. आईने तरी ओळखायला नको? सोळा वर्षं मुलं झोपवतेस आणि जागं माणूस तुला कळत नाही? दर दुपारी उशी आली की तिला बरं वाटायचं, आणि उशी गेली की तिला आईचा इतका राग यायचा की संध्याकाळभर ती तिच्याशी धड बोलायची नाही, आणि आई बाबांना हळूच सांगायची, दुखत असेल हो तिला, बोलत नाही एवढंच.

"चला," फिजिओ दारात येऊन म्हणाली. "आज आईही आत या."

आतल्या खोलीत तीन पलंग होते, भिंतीवर रबरी पट्टे टांगलेले, खिडकीत एक सुकत चाललेली कुंडी. तिने ब्रेस सोडला. ब्रेसखालचा पाय अजून दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा, बारीक, मांडी दोन बोटांनी कमी झाल्यासारखी, गुडघ्यावर तीन जांभळे व्रण. फिजिओने टाच धरून उचलली, दोन पट्ट्यांचं मोजपट्टीसारखं साधन मांडीला आणि पोटरीला लावलं, डोळा बारीक केला. पुन्हा लावलं. मग वही उघडून लिहिलं.

"किती?" तिने विचारलं.

"आठ."

आई म्हणाली, "पण व्यायाम सगळा करते हो ती. मी बघते ना. घामाघूम होते अगदी."

"ते दिसतंय. मांडी छान आली आहे." फिजिओने पेन वहीत ठेवून वही मिटली. "म्हणूनच मला कळत नाहीये. इतकी मेहनत करणाऱ्या मुलीचा पाय सरळ व्हायला हवा होता. टाचेखाली टॉवेल घेऊन पडतेस?"

"हो," ती म्हणाली.

"सहा वेळा?"

"हो."

"मग झोपताना पाय कसा असतो?" हा प्रश्न फिजिओने तिला नाही, आईला विचारला.

"नीट असतो," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात जराशी फुशारकी होती, पाळणाघरात पालकांना सांगते तशी, आज पूर्ण जेवला हं. "मीच ठेवते ना. दुपारी येते तेव्हा झोपलेली असते. तिला कळत पण नाही. गुडघ्याखाली छान मऊ उशी देते."

फिजिओने आईकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. ती चिडलेली होती आणि चिडणं गिळत होती, हे तिच्या मानेवरून कळत होतं. "रोज?"

"एकही दिवस चुकवला नाही."

"ताई," फिजिओ म्हणाली, "उशीच तर द्यायची नव्हती. गुडघ्याखाली काही म्हणजे काही नको, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. लिहूनही दिलं होतं. तुम्हाला काय वाटलं, मी उगीच छापून ठेवते हे कागद? सहा आठवडे तुम्ही तिचा पाय वाकडा ठेवलाय. मी इथे अर्धा तास ओढणार आणि घरी तुम्ही दोन तास वाकवणार. काय लिहू मी आता सर्जनना?"

आईचा चेहरा आधी कोरा झाला. मग ती हळूच हिच्याकडे वळली. प्रश्न नव्हता त्या बघण्यात, शोध होता, खोलीत एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवावं तसा. ही भिंतीवरच्या रबरी पट्ट्यांकडे बघत राहिली: लाल, हिरवा, काळा. काळा सगळ्यात ताठ. आता आई म्हणेल, मला कुणी सांगितलं नाही. म्हणायलाच हवं, खरं आहे ते. म्हण. भांड माझ्याशी.

"सांगितलं असेल," आई म्हणाली. "माझ्याच लक्षात राहिलं नसेल. कामाच्या गडबडीत. चुकलं माझं."

आणि मग ते झालं. इतके दिवस भिंतींवर, बरण्यांवर, म्हातारीवर निघत असलेलं सगळं एकाच जागी येऊन उभं राहिलं. "खोटं नको बोलूस," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. बाहेर मानपट्टीवाल्याने सगळं धड वळवलं असणार. "तुला नव्हतं सांगितलं. मला सांगितलं होतं. तू खाली गेली होतीस. कागद माझ्या बुटांच्या खोक्यात आहे. मी दिलाच नाही तुला. आणि टॉवेल घेऊन मी पडत नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही. लिहा तुम्ही सर्जनना, मीच केलंय सगळं."

"बाळा, असू दे, तू दुखण्यात होतीस, झोपेत..."

"मी झोपलेली नसायचे."

आई थांबली.

"एकदाही नाही," ती म्हणाली. आता थांबता येत नव्हतं. "जागी असायचे. तू उशी ठेवायचीस तेव्हा जागी असायचे. मला माहीत होतं उशी नको ते. बरं वाटायचं म्हणून गप्प राहायचे."

फिजिओ खिडकीकडे गेली आणि कुंडीतलं एक वाळकं पान तोडत उभी राहिली. आई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मग ती जे बोलली ते कुणाशीच बोलल्यासारखं होतं.

"मी चपला बाहेर काढून यायचे," आई म्हणाली. "जिन्यातच. फरशीवर वाजतात म्हणून. किल्ली फिरवताना रुमाल धरायचे कुलुपाला. जेवायचे नाही मी तुझे डोळे उघडेपर्यंत, भांडं वाजेल म्हणून. चार-चार वाजायचे. डोकं दुखायचं माझं भुकेने. आणि तू जागी होतीस."

"हो."

"रोज."

"हो, रोज."

"आणि संध्याकाळी माझ्याशी बोलायची नाहीस. मी यांना सांगायचे, दुखत असेल तिला." आईच्या मानेवर एक लाल डाग उमटला आणि गालापर्यंत चढला. तिने तो कधी पाहिला नव्हता. "लाज नाही वाटली तुला?"

वाटली, असं म्हणता आलं असतं. तिने म्हटलं नाही. आईचा आवाज पाळणाघराचा राहिला नव्हता. त्याच्यात खरखर होती, तिच्याहून तरुण अशा कुणातरी बाईची, लग्नाआधीची असावी तशी. तिला भीती वाटली आणि त्या भीतीच्या खाली, लाजिरवाणं होतं पण होतं, पाय जमिनीला लागल्यासारखं काहीतरी वाटलं. कुणीतरी अखेर हॉर्न वाजवला होता.

फिजिओने पान कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि वळली. "हे बघा, भांडण घरी करा," ती म्हणाली. "माझ्याकडे चार आठवडे आहेत. आठ अंश चार आठवड्यांत जाऊ शकतात, जातीलच असं नाही. मी सर्जनना आठच लिहिणार आणि चार आठवडे मागणार. पण मी आठवड्यातून तीनदाच भेटते. बाकी दिवस घरी कुणीतरी दाबायला हवं. ही स्वतः पडून राहणार नाही, ते कळलंच आता. तिचे बाबा?"

"सकाळी सातला जातात," आई म्हणाली. "मी दाबेन."

"जमेल? ओरडेल ती. ओरडली की सोडायचं नाही. सोडलंत तर केलेलं सगळं फुकट."

आईने पर्स खाली ठेवली. बाह्या सारल्या.

फिजिओने टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली. पाय अधांतरी राहिला, गुडघ्याखाली ती फट, अंगठा जाईल एवढी. आईचे हात घेऊन तिने जागा दाखवली: एक वाटीच्या जरा वर, दुसरा जरा खाली, कोपरं सरळ, झटका अजिबात नाही, फक्त अंगाचं वजन हळूहळू सोडायचं आणि तीसपर्यंत मोजायचं. "मोठ्याने मोजा. म्हणजे तुमचंही लक्ष राहील." मग ती बाजूला झाली.

हे तेच हात होते. तिने ते मिटल्या डोळ्यांनी इतक्यांदा ओळखले होते की उघड्या डोळ्यांनी बघायला चमत्कारिक वाटलं: नखं कापलेली, एका बोटाला मुलांच्या रंगाचा निळा डाग. ते अलगद नव्हते. आईने खालचा ओठ आत घेतला आणि वजन सोडलं.

"एक. दोन. तीन."

पहिल्यांदा नुसती ओढ होती. सातनंतर ती गुडघ्याच्या मागे जमा झाली, एका बिंदूत, आणि दहाला तो बिंदू पांढरा झाला. तिच्या हातांनी पलंगाच्या कडा धरल्या. आई खाली बघत नव्हती. तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, सरळ, आणि गालावरचा लाल डाग अजून तसाच होता. तिलाही नजर काढता येईना. इतके दिवस या चेहऱ्यावर जरा जरी काही उमटलं की आईचे हात आधी मागे व्हायचे, भांग विंचरताना, पट्टी सोडताना, मोजे चढवताना. नुसतं ओठ आवळले तरी आई म्हणायची, राहू दे, राहू दे. तेरा. चौदा. काहीतरी आत किंचित सुटल्यासारखं झालं, की ते फक्त तिला वाटलं. तिच्या कानशिलावरून पाणी केसांत गेलं. तिने ते पुसलं नाही, पुसायला हात सोडावा लागला असता.

"सोळा. सतरा." आई थांबली. हात तसेच होते, वजन तसंच. "दुखतंय?"

"हो," ती म्हणाली. "खूप."

"बरं," आई म्हणाली. "अठरा."